द ग्रेट खली : डब्ल्यूडब्ल्यूईमधील वर्षे (२००६–२०१४)

दलीपसिंह राणा (जन्म १९७२, धिराईना, जि. सिरमौर, हिमाचल प्रदेश) हा पंजाब पोलिसांत नोकरी केलेला मल्ल जानेवारी २००६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कंपनीशी करारबद्ध झाला आणि ‘द ग्रेट खली’ या नावाने नोव्हेंबर २०१४ पर्यंत तिथे लढला. त्याआधी २००० पासून तो कॅलिफोर्नियात ‘जायंट सिंग’ म्हणून आणि पुढे जपानमध्ये रिंगणात उतरत होता. व्यावसायिक रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरलेला असतो. मार खाणे, आपटणे आणि दुखापती मात्र खऱ्या. लाल मातीत पाठ टेकली की कुस्ती संपते, इथे चितपटीसाठी दोन्ही खांदे पंचाने तीन आकडे मोजेपर्यंत दाबून ठेवावे लागतात.

कंपनीने सुरुवातीला त्याची उंची ७ फूट ३ इंच आणि वजन ४२० पौंड (सुमारे १९० किलो) असे जाहीर केले. नंतर ते आकडे ७ फूट १ इंच आणि ३४७ पौंडांवर आले. या देहामागे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीवरची गाठ आणि त्यातून होणारा अ‍ॅक्रोमेगली (वाढीचे संप्रेरक जास्त स्रवणे) हा विकार होता. ज्या शरीरामुळे त्याला काम मिळाले, त्याच शरीरामुळे ते करणे अवघड झाले, आणि त्याची सारी कारकीर्द या एका पेचाभोवती फिरते.

७ एप्रिल २००६ च्या ‘स्मॅकडाउन’ या कंपनीच्या साप्ताहिक टीव्ही कार्यक्रमात तो व्यवस्थापक दैवारीसोबत अवतरला आणि त्याने थेट अंडरटेकर या कंपनीच्या बड्या मल्लाला लोळवले. २१ मे रोजी ‘जजमेंट डे’ या मोठ्या कार्यक्रमात अंडरटेकर त्याच्याकडून सरळ चितपट झाला. नव्या मल्लाला इतका मोठा विजय क्वचितच बहाल होतो. ऑगस्टमधल्या ‘लास्ट मॅन स्टँडिंग’ लढतीत (पंचाने दहा मोजेपर्यंत जो उभा राहू शकत नाही तो हरतो) अंडरटेकरने त्याची परतफेड केली. त्यानंतर ईसीडब्ल्यू आणि मग ‘रॉ’ या कंपनीच्या इतर कार्यक्रमांत खलीच्या बदल्या झाल्या.

त्याच्या डावांची आखणी समजून घेण्यासारखी आहे. ‘ब्रेन चॉप’ म्हणजे उघड्या पंजाने वरून टाळूवर दिलेला तडाखा. ‘खली बॉम्ब’मध्ये दोन्ही हातांनी गळा धरून उचलायचे आणि पाठीवर आपटायचे. ‘व्हाइस ग्रिप’ सर्वांत सोपा दिसतो आणि त्याच्यासाठी सर्वांत सोयीचा होता. फिटरच्या टेबलावरचा व्हाइस जसा लोखंड आवळतो, तसे दोन तळहात कानशिलांवर, बोटे डोक्याच्या माथ्यापर्यंत, आणि दाब. प्रतिस्पर्धी त्याची मनगटे धरतो, हळूहळू गुडघ्यांवर येतो, निपचित पडतो. यात उचलणे नाही, उडी नाही, खलीच्या गुडघ्यांवर भार नाही. पळणे, आदळणे, तडफडणे हे सगळे समोरच्याने करायचे. म्हणून त्याच्या लढतीचा दर्जा प्रतिस्पर्ध्यावर ठरे. चपळ मल्ल असला आणि लढत लवकर संपली तर भीती टिके. लांबली की खलीची दमछाक उघडी पडे आणि प्रेक्षक थंड होत.

२००७ हे त्याचे भराचे वर्ष. ‘रेसलमेनिया २३’ या कंपनीच्या वार्षिक मोठ्या सोहळ्यात त्याने केन या मल्लाला हरवले, पण लोकांच्या लक्षात राहिले ते केनने त्याला उचलून आपटलेले दृश्य. मे महिन्यात जॉन सीना या कंपनीच्या आघाडीच्या मल्लाने त्याला पकडीत शरण आणले. खलीचा पाय दोरखंडाखाली होता, म्हणजे नियमाने पकड सुटायला हवी होती, पंचाला ते दिसले नाही असे दाखवले गेले. ‘वन नाइट स्टँड’ या पुढच्या कार्यक्रमात सीनाने त्याला कॅमेऱ्याच्या क्रेनवरून खाली टाकले.

जागतिक अजिंक्यपद मात्र त्याच्याकडे योगायोगाने आले. तेव्हाचा विजेता एज याच्या छातीचा स्नायू फाटला, अजिंक्यपदाचा पट्टा रिकामा झाला आणि १७ जुलैला चित्रित झालेल्या २० जणांच्या बॅटल रॉयलमध्ये (सगळे एकत्र लढतात, वरच्या दोरावरून बाहेर पडेल तो बाद) खलीने केन आणि बटिस्टा या मल्लांना एकाच वेळी दोरांपलीकडे फेकून तो जिंकला. भारतात जन्मलेला तो कंपनीचा पहिला जागतिक विजेता. ऑगस्टमधल्या ‘समरस्लॅम’ या कार्यक्रमात बटिस्टाविरुद्ध खुर्ची वापरल्याने तो बाद ठरला, तरी पट्टा त्याच्याकडेच राहिला, कारण बाद ठरल्याने पट्टा हात बदलत नाही. १६ सप्टेंबरला बटिस्टाने तो हिसकावला. एकूण ६१ दिवस.

त्याच्यासाठी रचलेली ‘पंजाबी प्रिझन’ लढत बांबूच्या दोन पिंजऱ्यांत होते. आतला चौकोनी, १६ फुटी. बाहेरचा अष्टकोनी, २० फुटी. आतल्याला चारही बाजूंना दार असते. मागितल्यावर प्रत्येक दार एकदाच, ६० सेकंद उघडते, मग कायमचे बंद. दारातून वा चढून दोन्ही पिंजऱ्यांबाहेर पडेल तो विजेता. २००६ च्या पहिल्या लढतीत खलीच उतरू शकला नाही: यकृताची विकरे वाढलेली निघाली आणि बिग शो हा दुसरा अवाढव्य मल्ल बदली आला. ऑक्टोबर २००७ मध्ये तो उतरला, तेव्हा बटिस्टाने आतल्या पिंजऱ्यावरून बाहेरच्यावर झेप घेऊन बाजी मारली. या रचनेचा मोठा दोष म्हणजे बांबूंच्या दाटीमुळे प्रेक्षकांना आतले धड दिसत नाही.

‘समरस्लॅम’ २००८ मध्ये ट्रिपल एच या मल्लाकडून हरल्यानंतर राक्षसाचा विदूषक झाला. ‘पंजाबी प्लेबॉय’ हे बिरुद आणि ‘किस कॅम’ (प्रेक्षकांतल्या एखादीला रिंगणात बोलावून चुंबन घेणे) हा प्रकार त्याच काळातला. दुभाषा रणजीन सिंग (मुळात कंपनीच्या लेखन विभागातला माणूस) त्याच्यासाठी बोले. हा बदल अनेकांना खटकला, पण थकलेल्या गुडघ्यांना तो परवडणारा होता. २०११ मध्ये जिंदर महल हा मल्ल खलीच्या कथेतल्या बहिणीचा नवरा म्हणून आला. जुलै २०१२ मध्ये खलीची पिट्युटरीवरची गाठ शस्त्रक्रियेने काढली. तो परतला, पण अधूनमधून आणि बहुधा हरण्यासाठीच.

करार संपल्यानंतर जुलै २०१७ मध्ये ‘बॅटलग्राउंड’ कार्यक्रमातल्या तिसऱ्या पंजाबी प्रिझनच्या, म्हणजे महल आणि रँडी ऑर्टन यांच्या लढतीच्या वेळी तो अचानक आला, बाहेरच्या पिंजऱ्यावर ऑर्टनचा गळा धरून ठेवला आणि महलला निसटू दिले. २०२१ मध्ये कंपनीने त्याला ‘हॉल ऑफ फेम’ या मानाच्या यादीत घेतले.