गोधडीचा टाका आणि उपचारांचे चक्र

गोधडी शिवणे वरवर पाहता एकच काम वाटते, पण त्यात अनेक कामे असतात. नक्षी ठरवणे, कापड कापणे, तुकडे जोडणे, वरचा थर, मधला कापूस आणि अस्तर एकत्र टाचणे व शेवटी तिन्ही थरांतून धावदोरा घालणे, या प्रत्येक टप्प्यावर शरीराचा कस वेगळ्या प्रकारे लागतो. दीर्घकाळ चालणाऱ्या उपचारांतही सगळे दिवस सारखे नसतात. त्यामुळे उपचार सुरू असताना शिवावे की नाही, या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. कोणत्या दिवशी कोणता टप्पा हाती घ्यावा, असे विचारले तर मात्र बरेच नेमके बोलता येते.

केमोथेरपीची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतात आणि त्यात अस्थिमज्जेतील रक्तपेशी घडवणाऱ्या पेशीही सापडतात. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्तात फार काळ टिकत नसल्यामुळे नवी भरती थांबताच त्यांची संख्या घसरते. अनेक औषधांच्या बाबतीत ती डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांनी नीचांकावर असते आणि पुढच्या डोसपर्यंत सावरते. एका मायक्रोलिटर रक्तात 500 पेक्षा कमी न्यूट्रोफिल उरले, तर संसर्गाचा धोका गंभीर मानला जातो. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स तेवढ्याच रक्तात एरवी दीड ते साडेचार लाख असतात. त्या 50,000 च्या खाली गेल्या की लहानशा जखमेतूनही रक्त लवकर थांबत नाही. सुई टोचणे ही शिवणाऱ्यांच्या लेखी दखल घेण्याजोगी घटनाच नसते, पण या दिवसांत ती तशी असायला हवी. रोटरी कटरचे फिरते पाते तर त्या काळात बंदच ठेवावे. कागदावर नक्षी आखणे, रंगांच्या जोड्या लावून पाहणे, आधीच कापून ठेवलेले तुकडे क्रमाने मांडणे ही कामे तेव्हा करावीत आणि कापणी पुढच्या डोसच्या आधीच्या, रक्ततपासणीत आकडे सावरलेल्या दिवसांसाठी राखून ठेवावी. ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला, तर मात्र सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे लागते.

स्तनाच्या कर्करोगात काखेतील लसीकाग्रंथी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हातातील लसीकाद्रवाचा निचरा मंदावतो आणि एका टोचण्यातूनही त्वचेचा संसर्ग पसरू शकतो. बोटाला अंगुस्तान घालण्याची जुनी सवय येथे वैद्यकीय सल्ल्याचाच भाग ठरते. डायलिसिसचे गणित आणखी वेगळे आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास बसून राहावे लागते, त्यामुळे हा वेळ शिवणाला देण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून घेतलेला हात तेव्हा स्थिर ठेवायचा असतो आणि रक्त गोठू नये म्हणून बहुधा हेपॅरिन दिलेले असते. एका हाताने करता येईल असे नक्षीचे काम त्या वेळी चालेल, सुई नको.

सर्वांत अवघड प्रश्न बोटांच्या टोकांचा आहे. पॅक्लिटॅक्सेल, व्हिनक्रिस्टिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन यांसारखी केमोथेरपीची औषधे चेतातंतूंना इजा करतात. चेतापेशीचे केंद्र पाठीच्या कण्याजवळ आणि टोक बोटात असते. मधल्या लांब अंतरावरची वाहतूक सूक्ष्म नलिकांच्या रुळांवरून चालते. पॅक्लिटॅक्सेल हे रूळ गोठवून ठेवते, तर व्हिनक्रिस्टिन ते बनूच देत नाही, म्हणून सर्वांत लांब तंतू आधी थकतात आणि मुंग्या पायाच्या व हाताच्या बोटांपासून सुरू होतात. ऑक्झॅलिप्लॅटिननंतरचे काही दिवस थंड वस्तूंचा स्पर्शही झोंबतो, आणि कात्री ही थंड धातूचीच असते. मूठ कापडात गुंडाळली किंवा जाड प्लास्टिकच्या मुठीची कात्री घेतली, तर तेवढा त्रास टळतो.

स्टेरॉइडचे एक वेगळेच प्रलोभन असते. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनमुळे झोप उडते आणि मध्यरात्री अंगात उत्साह संचारल्यासारखा वाटतो. पण तेव्हाच हात थरथरू शकतात आणि रक्तातील साखर वाढली असेल तर नजरही अंधुक होते. त्या रात्रीचे टाके बहुधा दुसऱ्या दिवशी उसवावे लागतात. या औषधाची गोळी सकाळी घेता येईल का, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

शिवणाऱ्या व्यक्तीला एक फायदाही असतो, आणि माझ्या मते तो पुरेसा वापरला जात नाही. चेतातंतूंची इजा रक्ततपासणीत दिसत नाही. ती रुग्णाने सांगितल्यावरच कळते. सुईत दोरा ओवता न येणे, टाके लांब-आखूड पडू लागणे, सुई हातातून निसटल्याचे न कळणे, ही त्या इजेची ठोस लक्षणे आहेत. ती रोखणारे खात्रीचे औषध नसल्यामुळे डोस कमी करणे किंवा लांबवणे हाच मुख्य उपाय असतो, आणि तो निर्णय वेळेवर झाला तरच उपयोगी पडतो. म्हणून ‘थोड्या मुंग्या येतात’ एवढेच न म्हणता, मागच्या डोसपूर्वीचा आणि आताचा धावदोरा असलेला कापडाचा तुकडा डॉक्टरांना दाखवावा. ऑक्झॅलिप्लॅटिन आणि सिस्प्लॅटिन यांच्या बाबतीत हा बधिरपणा औषध थांबल्यावरही काही महिने वाढू शकतो, त्यामुळे उपचार संपले म्हणून लगेच हाताने शिवायची मोठी गोधडी सुरू करण्यापेक्षा तोवर मशीनवर तुकडे जोडण्याचे काम घेणे बरे.