काट्यावरचं जुनं लॉगफोरजे

कोल्हापूर भागातल्या एका साखर कारखान्याचं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आमचं राजारामपुरीतलं छोटं ऑफिस सांभाळतं. यंदा ऑफ सीझनला त्यातल्या जुन्या लायब्रऱ्या (दुसऱ्यांनी लिहिलेला, आपण उचलून वापरतो तो तयार कोड) बदलायचा विषय काढला, तर कारखान्यातून ठरलेलं उत्तर आलं, "चालतंय की! कशाला हात लावताय?" हा नुसता आळस नव्हे. त्यामागे २०२१ च्या डिसेंबरातला एक प्रसंग आहे.

प्रोग्रॅममध्ये कधी काय घडलं त्याची नोंद ठेवणारी लॉगफोरजे ही जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतली लायब्ररी. फुकट आणि भरवशाची, म्हणून जगभर पसरली. आमच्या काट्यावर तिची १.२.१७ ही आवृत्ती होती, २०१२ ची. कुणीतरी पेनड्राइव्हवरून जार फाइल (जावाच्या कोडचं बांधलेलं गाठोडं) आणली, लिब फोल्डरात टाकली आणि विसरून गेलं. पुढे लॉगफोरजे नव्यानं लिहिलं गेलं आणि २०१४ मध्ये २.० आलं. ते बीटा अवस्थेत असताना, २०१३ साली, एका वापरकर्त्याच्या मागणीवरून त्यात जेएनडीआय लुकअप नावाची, दिलेल्या पत्त्यावरून माहिती शोधून आणायची सोय घातली होती. सगळं दुखणं तिथलं.

कारखान्याच्या गेटवर वॉचमन येणाऱ्याचं नाव वहीत लिहितो. समजा, एकानं नावाऐवजी सांगितलं, 'अमुक पत्त्यावर जा, तिथलं सामान आण आणि आत नेऊन ठेव.' शहाणा वॉचमन हे वाक्य वहीत उतरवेल आणि हसेल. लॉगफोरजे २ मात्र वही टाकून त्या पत्त्यावर जायचं. नोंदीत विशिष्ट खुणांचा मजकूर आला की ते परक्या सर्व्हरकडे धाव घ्यायचं आणि तिथून आलेला कोड चालवायचं. माइनक्राफ्ट खेळात तर चॅटमध्ये एक ओळ टाकली की काम व्हायचं.

अलीबाबा क्लाउडच्या सुरक्षा पथकातल्या चेन झाओजुन यांनी २४ नोव्हेंबर २०२१ ला हे लॉगफोरजे सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनला कळवलं. ९ डिसेंबरला ते जगजाहीर झालं. सुरक्षा त्रुटींच्या जागतिक यादीत क्रमांक सीव्हीई-२०२१-४४२२८, तीव्रता दहापैकी दहा.

१० तारखेला शुक्रवार होता आणि गाळप ऐन भरात. काटा चोवीस तास चालू, उसाच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत. सर्व्हर पाच मिनिटं थांबला तरी ड्रायव्हर खिडकीशी येऊन ओरडणार. आम्ही फाइली शोधल्या. काट्यावर १.२.१७ सापडलं आणि जीव भांड्यात पडला, कारण त्या पिढीत ही सोयच नव्हती. शेतकऱ्यांना वजनाचा एसएमएस पाठवणारा सर्व्हर आम्ही नंतर लिहिलेला. तिथं नावानं शोधलं तर काहीच मिळेना. रात्री एक मोठी जार उघडून पाहिली, तर तिच्या पोटात दुसऱ्या जारी, आणि त्यांत लॉगफोरजे २.११. म्हणजे आम्हीच आणलेली वस्तू आम्हाला माहीत नव्हती.

नवी २.१५.० चढवावी, तर तिला जावा ८ लागतं आणि त्या मशीनवर जावा ७. शेवटी झिपच्या कमांडनं जारमधून जेएनडीआय लुकअपचा तेवढा क्लास काढून टाकला आणि सर्व्हर परत सुरू केला. एसएमएस थोडे उशिरा गेले, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२.१५.० मधली दुरुस्तीही अपुरी निघाली. मग २.१६.०, २.१७.०, २.१७.१, सगळं डिसेंबर संपायच्या आत. ज्यांनी इमानेइतबारे अपडेट केलं त्यांनी ते चार वेळा केलं, आणि आमचा जुना काटा निवांत बसला. 'जुनं होतं म्हणून वाचलो' हे वाक्य तेव्हापासून कारखान्यात रुळलं.

ते नशीब होतं. लॉगफोरजे १ ची देखभाल ऑगस्ट २०१५ मध्येच थांबली. २०१९ मध्ये त्याच्या सॉकेट सर्व्हरमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून नोंदी घेणाऱ्या भागात, गंभीर भोक सापडलं, पण त्या पिढीसाठी दुरुस्त आवृत्ती निघाली नाही. एक्विफॅक्स ह्या अमेरिकी कंपनीचं उदाहरण तर सर्वांसमोर आहे: ती वेबसाइटसाठी वापरत असलेल्या स्ट्रट्स या जावा लायब्ररीतल्या भोकाची दुरुस्ती ७ मार्च २०१७ ला उपलब्ध होती, ती बसवायची राहिली, मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

कारखान्यातली तरुण मंडळी यावर एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचा दाखला देतात, आणि तो खोटा नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्यातून एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांमध्ये मुद्दाम घुसवलेलं चोरदार उघडकीस आलं. तिथं ताजं उचलणारेच अडकले. पण कोणती आवृत्ती आपल्याकडे आहे हे माहीत असलेल्यांनी त्याच दिवशी मागची आवृत्ती बसवली. आम्हाला २०२१ मध्ये त्यासाठी रात्र घालवावी लागली होती.

लॉगफोरजेचे मूळ लेखक चेकी गुलचू यांनी जानेवारी २०२२ मध्ये १.२.१७ वरूनच रीलोडफोरजे काढलं. जुनी जार काढायची, ही ठेवायची, कोडला हात नाही. आम्ही चाचणीच्या मशीनवर करून पाहिलं, दुपारच्या चहाआधी झालं.

हंगाम संपला की कारखान्यात मिलचे रोलर उघडतात, झीज मोजतात आणि काय बदललं ते वहीत लिहितात. यंदा त्याच वहीत एक पान आम्ही मागून घेतलंय. पहिल्या ओळीवर रीलोडफोरजे. दुसऱ्या ओळीवर जावा ७, आणि तिथं घोडं अडलंय: काट्याच्या इंडिकेटरकडून सिरियल पोर्टवर आकडा वाचणारी लायब्ररी त्याहून जुनी आहे.