लॅनवरून विंडोज कशी टाकतात: डिस्क नसलेल्या यंत्रांचा वारसा

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत राबलेल्या माणसाला ‘विंडोज मारणं’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. चाळीस पीसी, हातात दोन ओरखडलेल्या सीडी आणि एकेका यंत्रापुढे पाऊण तास. मग ड्रायव्हर, मग ऑफिस, मग अँटिव्हायरस. दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतंच, “सर, हे लॅनवरून नाही का होत?” होतं. गंमत अशी, की ज्या तंत्रावर ते होतं ते मुळात डिस्क भरायला निघालेलंच नव्हतं. डिस्क विकत घ्यावी लागू नये, म्हणून ते निघालं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्ड डिस्क ही चैनीची वस्तू होती. कॅलिफोर्नियातल्या सन मायक्रोसिस्टिम्सने (१९८२ साली ती काढणाऱ्या चौघांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा) वर्कस्टेशन विकायला सुरुवात केली. त्यांतली सन-३/५० सारखी पुढची यंत्रं बऱ्याचदा डिस्कविनाच बसवली जात. मोठी डिस्क असलेला एक सर्व्हर आणि त्याच्या जिवावर चालणारी दहा-वीस यंत्रं, असा संसार. फायली नेटवर्कवरून वाचायला सनची एनएफएस होती. पण चालू होताना कोऱ्या असलेल्या यंत्राने त्या फायलींपर्यंत पोहोचायचं कसं?

जत्रेत चुकलेल्या पोराला स्वतःचं नाव सांगता येतं, गाव सांगता येत नाही. या यंत्राची गत तशीच. त्याला माहीत असतो तो फक्त नेटवर्क कार्डावर कारखान्यात कोरलेला पत्ता. तेवढ्या भांडवलावर ते सगळ्या नेटवर्कला हाक मारतं: हा माझा कार्डावरचा पत्ता, या नेटवर्कवरचा माझा पत्ता, म्हणजे आयपी, कोणता? १९८४ च्या आरएआरपी या प्रोटोकॉलमध्ये (म्हणजे यंत्रांनी आपसात बोलायच्या ठरलेल्या रीतीत) एवढाच सवालजवाब होता, आणि ही हाक राउटरच्या पलीकडे जात नसे. नेटवर्कच्या प्रत्येक तुकड्यात उत्तर देणारा सर्व्हर वेगळा ठेवावा लागे. सप्टेंबर १९८५ मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सनचे जॉन गिलमोर यांनी बूटपी मांडला. त्यात उत्तरासोबत आणखी दोन गोष्टी मिळू लागल्या: सुरू व्हायला लागणारी फाइल, म्हणजे बूट फाइल, कोणत्या सर्व्हरवर आहे आणि तिचं नाव काय. शिवाय मधला राउटर हाक पुढे पोहोचवू शकत होता. १९९३ साली आलेला डीएचसीपी हा या बूटपीचाच वाढीव अवतार. आज घरातला मोबाइल वायफायला जोडताना आपण जे वापरतो, ते त्याच घराण्यातलं.

फाइल आणायचं काम टीएफटीपीकडे गेलं. त्याचं प्रमाण रूप १९८१ मध्ये ठरलं. हा प्रोटोकॉल इतका साधा आहे, की पहिल्यांदा वाचताना काहीतरी राहून गेलंय असं वाटतं. सर्व्हर ५१२ बाइट पाठवतो आणि थांबतो. ‘मिळाले’ असा निरोप आला, की पुढचे ५१२. पासवर्ड नाही, फायलींची यादी नाही. हे सगळं यंत्रातल्या जेमतेम जागेच्या, कायमचा प्रोग्राम भरलेल्या रॉम चिपमध्ये मावायला हवं होतं, म्हणून साधेपणा. पण तुकड्याचा क्रमांक लिहायला १६ बिटच दिल्याने ६५,५३५ च्या पुढे मोजता येत नव्हतं, म्हणजे फाइल ३२ एमबीपेक्षा मोठी चालत नव्हती. १९८१ साली ३२ एमबीची बूट फाइल कोणाच्या स्वप्नातही नसेल. पुढे तुकडा मोठा करायची सोय झाली, पण एक पाठव आणि थांब ही चाल मूळ पिंडातच होती.

मग पीसी आला, डिस्क स्वस्त झाली, आणि अडचण उलटी झाली. आता प्रत्येक यंत्राला डिस्क होती, म्हणून प्रत्येक यंत्रावर काहीतरी टाकावं लागत होतं. नेटवर्कवरून सुरू करायचं, तर कार्डावरच्या रिकाम्या खाचेत बूट रॉमची चिप बसवा, आणि ती त्या कंपनीची, त्याच कार्डासाठीची हवी. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईथरबूट या मुक्त प्रकल्पाने अशा रॉम सगळ्यांसाठी लिहायला घेतल्या. आजचा आयपीएक्सई त्याचाच वंशज. बाजाराची शिस्त मात्र इंटेलने लावली. नेटवर्कवरून यंत्र सुरू करायची तिची सामायिक पद्धत म्हणजे पीएक्सई; तिची २.१ ही आवृत्ती सप्टेंबर १९९९ ची आहे. तिने नवं फारसं काही शोधलं नाही: हाक डीएचसीपीची, फाइल टीएफटीपीची. भर एकच, आणि मोलाची. नेटवर्क कार्ड कुठल्याही कंपनीचं असो, आलेल्या पहिल्या प्रोग्रामला ते ठरावीक पद्धतीने वापरता येईल, अशी हमी. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हेच. चिप विकत घ्यायची कटकट संपली आणि बायोसमध्ये, म्हणजे यंत्र चालू होताच आधी धावणाऱ्या प्रोग्राममध्ये, ‘नेटवर्क बूट’ ही ओळ दिसू लागली.

याच सुमाराला दुसऱ्या टोकाकडून घोस्ट हे सॉफ्टवेअर आलं. ऑकलंडमध्ये मरे हॅझर्ड यांनी १९९५ च्या आसपास ते तयार केलं आणि १९९८ मध्ये सिमँटेकने विकत घेतलं. नवीन विंडोज टाकण्यापेक्षा तयार डिस्कची हुबेहूब प्रतिमाच उचलायची आणि दुसरीवर उतरवायची, ही त्याची युक्ती. सीडीवाल्या लॅबमध्ये ती चमत्कारच वाटली.

पण चाळीस ठिकाणी उतरवायचं, तर हिशेब मांडावा लागतो. ४ जीबीची प्रतिमा चाळीस यंत्रांना वेगवेगळी पाठवली, तर सर्व्हरमधून १६० जीबी निघतात. १०० एमबीपीएसच्या लॅनवर तारेने एक क्षणही दम खाल्ला नाही, तरी साडेतीन तास. तीच प्रतिमा मल्टिकास्टने एकदाच पाठवली आणि सगळ्यांनी एकदम ऐकली, तर कागदावर साडेपाच मिनिटं. प्रत्यक्षात सगळ्यात मंद डिस्कवाला बाकीच्यांना थांबवून ठेवतो. आणि स्विच साधा असेल, तर तो मल्टिकास्ट सगळ्याच पोर्टांवर ओतत बसतो. एका कॉलेजात आम्ही दुपारी बारा वाजता हा प्रयोग केला आणि परीक्षा विभागाचं नेटवर्क बसलं. त्यानंतर प्रतिमा रात्रीच उतरायच्या.

तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रातून आलेलं क्लोनझिला हे मुक्त साधन याच मार्गाचं. त्याच्या निर्मात्यांनी ५.६ जीबीची प्रतिमा एकाच वेळी ४१ यंत्रांवर सुमारे दहा मिनिटांत उतरवल्याचं नोंदवलं आहे. वरचं गणित कागदावरच राहिलं नाही, एवढं त्यातून कळतं.

विंडोजची स्वतःची वाट जरा अडखळत गेली. विंडोज २००० सोबत रिमोट इन्स्टॉलेशन सर्व्हिसेस आली. पुढे व्हिस्टाच्या काळात तिची जागा विंडोज डिप्लॉयमेंट सर्व्हिसेसने (डब्ल्यूडीएस) घेतली. व्हिस्टाबरोबर आलेली विम ही नव्या प्रकारची प्रतिमा-फाइल ही त्यातली जमेची बाजू. घोस्टची प्रतिमा एका मदरबोर्डवरून घेऊन दुसऱ्यावर टाकली, की विंडोज कोलमडल्याचा निळा पडदा दिसण्याची शक्यता दाट. विम फायलींच्या पातळीवर काम करते, त्यामुळे एकच प्रतिमा बऱ्याच प्रकारच्या यंत्रांना पुरू लागली. लिनक्सवाल्यांनी प्रतिमेचा नाद फारसा केलाच नाही. सनच्या जंपस्टार्टच्या धर्तीवर रेड हॅटचं किकस्टार्ट आलं, १९९९ मध्ये कोलोन विद्यापीठातून डेबियन या लिनक्ससाठी एफएआय आलं. सगळी उत्तरं आधीच एका मजकूर फाइलीत लिहून ठेवायची आणि इन्स्टॉलर एकटा सोडायचा.

आता पुन्हा त्या हाकेकडे. ‘मी कोण’ असं विचारणारं यंत्र उत्तर देणाऱ्याची ओळख विचारत नाही. १९८५ च्या प्रयोगशाळेत ते खपलं. आज कोणी लॅबमध्ये घरचा राउटर उलटा जोडला, तरी यंत्रं त्याचं ऐकतात आणि पडद्यावर ‘पीएक्सई-ई५३’ झळकतं: पत्ता मिळाला, फाइलचं नाव नाही मिळालं. जानेवारी २०२४ मध्ये ‘पिक्सीफेल’ या नावाने नऊ त्रुटी जाहीर झाल्या, त्या बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआयच्या, अनेक उत्पादक वापरतात त्या नेटवर्क कोडमधल्या. एचटीटीपी बूटची सोय यूईएफआयमध्ये २०१५ पासून आहे, त्यात सर्व्हरची ओळख तपासता येते. तरी टीएफटीपी अजून जागोजागी चालूच आहे.

उत्तर देणारा खरा असला, तरी तो चुकू शकतो. मे २०१४ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठात विंडोज ७ बसवण्याचा आदेश चुकून सगळ्याच विंडोज यंत्रांना गेला: लॅपटॉप, डेस्कटॉप, सर्व्हर. लक्षात येताच आदेश देणारा सर्व्हर बंद करण्यात आला. तोवर त्याची स्वतःचीही डिस्क फॉरमॅट झाली होती.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. दुरुस्ती एक फाइल पुसण्याएवढीच, पण विंडोज उठतच नव्हती. मायक्रोसॉफ्टने आधी पेन ड्राइव्हवरून चालणारं साधन दिलं, मग त्यात पीएक्सईचा पर्याय जोडला. डिस्कवरचं काही उठत नसलं, तरी कार्डातली हाक निघत होती. तिला डिस्क कधी लागतच नव्हती. ज्या यंत्रांवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) होतं, त्यांतली बरीच मात्र ४८ अंकी रिकव्हरी की मागत होती, आणि ती टंकायला एकेका यंत्रापुढे माणूस बसवावाच लागला.