पोलीस स्मृतिदिन आणि पोलीस रेझिंग डे: शुभेच्छा नेमक्या कधी द्यायच्या?

२१ ऑक्टोबर उजाडला की सोसायटीच्या ग्रुपवर ‘पोलीस दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’ येऊ लागतात. सॅल्यूट करणाऱ्या पोलिसाचं चित्र, खाली फुलांचा गुच्छ. पाठवणाऱ्याच्या मनात आदरच असतो, म्हणून त्याला टोकायला जीभ रेटत नाही. पण त्याच ग्रुपमध्ये एखादी बाई असेल, जिच्या नवऱ्याचं नाव त्याच सकाळी परेडच्या मैदानावर वाचलं जाणार आहे. तिनं त्या शुभेच्छांचं काय करायचं?

घोळ होतो तो दोन दिवसांचा. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन, तो देशभर पाळला जातो. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा रेझिंग डे, म्हणजे वर्धापन दिन. तो आपल्या राज्यापुरता असतो आणि साजरा होतो. मराठीत पाळणं आणि साजरं करणं ही दोन क्रियापदं आपण सहसा चुकवत नाही. इथे मात्र चुकवतो, कारण दोन्ही दिवशी परेड दिसते, बँड दिसतो, कडक इस्त्रीचे गणवेश दिसतात.

स्मृतिदिनामागची हकिकत लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जची आहे. १९५९ साली तिबेटलगतच्या त्या सीमेवर पहारा होता पोलिसांचा. (ते लष्कराचे जवान होते असं पुष्कळांना वाटतं. इंडो-तिबेटन सीमा पोलीस दलही तेव्हा नव्हतं, ते उभं राहिलं १९६२ मध्ये.) २० ऑक्टोबरला हॉट स्प्रिंग्जहून तीन तुकड्या पुढच्या भागाची टेहळणी करायला निघाल्या. दोन परत आल्या. तिसरीत दोन पोलीस आणि एक हमाल होता, ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी करमसिंग नावाचे अधिकारी वीसेक जणांना घेऊन त्यांना शोधायला गेले. टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी त्यांच्यावर गोळीबार केला. हे खाली उघड्यावर, ते वर आडोशाला. दहा पोलीस ठार झाले, काही पकडले गेले. मृतदेह चीनने परत केले ते १३ नोव्हेंबरला, म्हणजे २३ दिवसांनी. तिथेच, हॉट स्प्रिंग्जला, पोलीस इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

मला यात सर्वांत जास्त भिडतं ते त्या दिवशीचं काम. ते लढाईला निघाले नव्हते, हरवलेल्या तिघांना हुडकायला निघाले होते. जानेवारी १९६० मध्ये राज्याराज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने ठरवलं की २१ ऑक्टोबर हा दिवस देशभर पाळायचा. तेव्हापासून कर्तव्य बजावताना प्राण गेलेल्या सगळ्या पोलिसांचा तो दिवस झाला.

त्या सकाळी मैदानावर काय होतं, हे एकदा पाहिलं की शुभेच्छा द्यायला हात धजत नाही. ‘शोक शस्त्र’ हा हुकूम सुटतो आणि बंदुकांच्या नळ्या जमिनीकडे वळतात. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही मृतांना निरोप देणारी धून वाजते. पुष्पचक्रं वाहिली जातात, हवेत फैरी झाडल्या जातात. आणि नावं वाचली जातात. नुसती आपल्या राज्यातली नव्हेत, देशभरातली. एकामागून एक नाव, हुद्दा, राज्य. ऐकणाऱ्यांत कुटुंबंही बसलेली असतात, आपल्या माणसाचं नाव केव्हा येतं त्याकडे कान लावून.

ही यादी १ सप्टेंबर ते पुढच्या ३१ ऑगस्टपर्यंतची असते. या हिशेबाने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत पडलेले हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर, तुकाराम ओंबळे हे २००९ च्या यादीतले. आणि ८ ऑक्टोबर २००९ ला गडचिरोलीत लाहेरीजवळ नक्षलवाद्यांशी लढताना मारले गेलेले १७ पोलीस? स्मृतिदिन अवघ्या तेरा दिवसांवर होता, पण ते २०१० च्या यादीतले. कागदावरचा हा साधा नियम आहे, तरी त्या सतरा घरांचा विचार मनातून जात नाही.

दिल्लीत चाणक्यपुरीला २१ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय पोलीस स्मारक खुलं झालं. मधोमध तीस फूट उंचीची ग्रॅनाइटची शिळा आहे आणि भिंतीवर नावं. उद्घाटनाच्या वेळी ती ३४,८४४ होती. स्वातंत्र्यानंतरची. इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय युद्ध स्मारक वेगळं, ते सैन्यदलांचं. दिल्लीला जाणारे तिथे आवर्जून जातात. चाणक्यपुरीचं नाव मात्र फारसं कुणाच्या यादीत नसतं.

रेझिंग डेची गोष्ट सरळ आहे. २ जानेवारी १९६१ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलीस दलाला ध्वज प्रदान केला. त्या आठवणीत २ ते ८ जानेवारी हा सप्ताह असतो. शाळेतली मुलं पोलीस ठाणं बघायला येतात, वायरलेस कसा चालतो ते विचारतात, मांडलेल्या बंदुकांपुढे डोळे विस्फारून उभी राहतात. सायबर फसवणूक, वाहतुकीचे नियम, महिलांची सुरक्षा यांवर कार्यक्रम होतात. काही ठिकाणी चोरीचा हस्तगत केलेला मुद्देमाल मूळ मालकाला परत दिला जातो. या आठवड्यात ठाण्यात जाऊन ‘अभिनंदन साहेब’ म्हणा, गुलाबाचं फूल द्या, मुलांना सोबत न्या. तिथे ते शोभतं, आणि एरवी तक्रारीशिवाय कुणी त्या पायऱ्या चढत नाही, त्यामुळे आतल्या माणसांनाही बरं वाटतं.

आता प्रश्न उरतो २१ ऑक्टोबरला लिहायचं काय. मला वाटतं ‘विनम्र अभिवादन’ पुरे. आणि जमलं तर एक नाव लिहावं. आपल्या जिल्ह्यातलं, आपल्या तालुक्यातलं, त्या वर्षी गेलेलं किंवा वीस वर्षांपूर्वी गेलेलं. नाव माहीत नसेल तर ते जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयातल्या हुतात्मा स्मारकावर कोरलेलं सापडेल.