कॅलिफोर्नियात विवाह आणि कुटुंब थेरपिस्ट व्हायचं आहे? पदवीआधी तासांचा आणि वर्क परमिटचा हिशोब मांडा

लग्नानंतर कॅलिफोर्नियात आलेल्या, मानसशास्त्र शिकलेल्या अनेक मराठी मुलींना इथे जोडप्यांसोबत आणि कुटुंबांसोबत काम करावंसं वाटतं. त्याची गरजही मोठी आहे. सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे, इथेच वाढलेली मुलं, व्हिसावर टांगलेली नोकरी हे ताण मराठीत बोलता आले तर माणूस लवकर मोकळा होतो. पण बहुतेक जणी कुठल्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचा, इथून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात शेवटापासून करावी. पदवीनंतर किती तास काम करायचंय आणि तेव्हा काम करायची परवानगी हातात असेल का, हे आधी पाहावं.

इथे हे काम स्वतंत्रपणे करायला एलएमएफटी, म्हणजे लायसन्स्ड मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट, हा राज्याचा परवाना लागतो. हा पेशा परवान्याखाली आणणारं कॅलिफोर्निया हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. तो कायदा १९६३चा. परवाना देतं बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस, म्हणजे बीबीएस. त्याचं कार्यालय सॅक्रामेंटोला आहे. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथलं मंडळ वेगळं आणि तासांचे आकडेही वेगळे, त्यामुळे खालचा हिशोब फक्त कॅलिफोर्नियाचा समजा.

पदवी कोणती चालते

मास्टर्स किंवा डॉक्टरेट लागते, आणि ती किमान ६० सेमिस्टर युनिटची किंवा ९० क्वार्टर युनिटची असावी लागते. पदवीवर मॅरेज अँड फॅमिली थेरपी असंच लिहिलेलं हवं असं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजी किंवा काउन्सेलिंग सायकॉलॉजीही चालते, मात्र अभ्यासक्रम एलएमएफटीच्या अटींनुसार आखलेला असला पाहिजे. प्रवेशाआधी विद्यापीठाला ईमेल करून विचारा की हा अभ्यासक्रम बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम ४९८०.३६ मध्ये बसतो का. उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा.

शिकताना प्रॅक्टिकम असतं, म्हणजे देखरेखीखाली खऱ्या क्लायंटसोबत काम. त्यात व्यक्ती, जोडपी, कुटुंबं किंवा गट यांच्यासोबत समोरासमोर किमान १५० तास समुपदेशन करावं लागतं. आणखी ७५ तास समुपदेशनाचे किंवा क्लायंटला सेवा-सुविधा मिळवून देण्याच्या कामाचे असतात.

पुढे राज्य बदलण्याची शक्यता असेल, आणि आपल्याकडच्या आयटी कुटुंबांत ती असतेच, तर कोॲमफ्टी या, मॅरेज अँड फॅमिली थेरपीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला अभ्यासक्रम बघा. कॅलिफोर्निया या मान्यतेचा आग्रह धरत नाही, पण इतर राज्यांत तिच्यामुळे कागदपत्रांचा त्रास वाचतो. सॅन डिएगो स्टेट आणि लोमा लिंडा विद्यापीठांत असे अभ्यासक्रम आहेत.

भारतातली पदवी असेल तर

मुंबई किंवा पुणे विद्यापीठाचं एम.ए. थेट धरलं जात नाही. आधी नेसेस या, परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेची सदस्य असलेल्या संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं. डब्ल्यूईएस आणि ईसीई ही आपल्याकडे माहीत असलेली दोन नावं. अहवाल विषयवार मागवा, नुसता पदवीचा नको. बीबीएस त्यावरून युनिट, प्रॅक्टिकम आणि विषय ताडून पाहतं. आपल्या दोन वर्षांच्या एम.ए.त कॅलिफोर्नियाचे कायदे, कुटुंबपद्धतींचे सिद्धांत, देखरेखीखालचं प्रॅक्टिकम यांपैकी काही ना काही सहसा कमी पडतं. म्हणून बहुतेकांसाठी इथली मास्टर्स पुन्हा करणं हाच सरळ मार्ग ठरतो. ते मनाला लागतं, मला कळतं. पण जुनं एम.ए. वाया जात नाही. तीन वर्षांच्या बी.ए.वर प्रवेश द्यायला काही विद्यापीठं कुरकुरतात, तिथे ते उपयोगी पडतं.

प्रवेशासाठी सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट, मूल्यांकन अहवाल, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, शिफारसपत्रं आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज लागतं. बऱ्याच ठिकाणी मुलाखतही असते. भारतातून ट्रान्स्क्रिप्ट मिळायला वेळ लागतो, म्हणून सुट्टीत घरी जाल तेव्हाच दोन-तीन जादा सीलबंद प्रती काढून आणा.

तीन हजार तास

परवान्यासाठी देखरेखीखालचे ३,००० तास लागतात आणि ते किमान १०४ आठवड्यांत पसरलेले असावे लागतात. एका आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त धरले जात नाहीत. निदान १,७५० तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे हवेत आणि त्यांतले ५०० जोडपी, कुटुंबं किंवा मुलं यांच्यासोबतचे. हे ५०० मागे पडतात, कारण प्रौढ क्लायंट एकेकटे सहज मिळतात, जोडपी मिळत नाहीत. जागा निवडताना हेच आधी विचारा.

पदवीआधी, म्हणजे ट्रेनी असताना, यातले जास्तीत जास्त १,३०० तास धरले जातात. तेही १२ सेमिस्टर युनिट पूर्ण झाल्यावरचे. उरलेले किमान १,७०० पदवीनंतरचेच लागतात.

पदवी मिळाली की एएमएफटी, म्हणजे असोसिएट म्हणून नोंदणी करायची. त्यासाठी अर्ज, विद्यापीठाने दिलेलं पदवीचं प्रमाणपत्र व ट्रान्स्क्रिप्ट, लाइव्ह स्कॅनने घेतलेले बोटांचे ठसे आणि सोशल सिक्युरिटी किंवा आयटीआयएन, म्हणजे करासाठीचा क्रमांक लागतो. पदवीच्या तारखेपासून ९० दिवसांत अर्ज मंडळाकडे पोहोचला, तर नोंदणी क्रमांक येईपर्यंतचे तासही मोजले जाऊ शकतात. पण कामाच्या ठिकाणी लाइव्ह स्कॅन झाल्याचा पुरावा काम सुरू करण्याआधीचा हवा. ती पावती कुटुंबाच्या पासपोर्टांसोबत ठेवा.

दोन गोष्टी विशेष सांभाळा. पहिली म्हणजे तुम्ही पगारी कर्मचारी किंवा स्वयंसेवक असायला हवं. १०९९ फॉर्मवर, कंत्राटदार म्हणून केलेले तास बीबीएस धरत नाही. दुसरी म्हणजे सुपरव्हायझर, म्हणजे तुमच्या कामावर देखरेख करणारा. त्याच्याकडे कॅलिफोर्नियाचा परवाना आहे का आणि गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं तो चालू होता का, हे मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. विचारायला संकोच वाटत असला तरी विचारा. सुपरव्हिजनचा करार सुरुवातीच्या ६० दिवसांत सही होऊन हातात हवा. दर आठवड्याच्या तासांच्या नोंदीवर त्या-त्या आठवड्यालाच सही घ्या, आणि नोकरी सोडताना अनुभवाच्या फॉर्मवर सही घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. वर्षभराने सुपरव्हायझर दुसऱ्या राज्यात गेला तर ती सही मिळवताना फार दमछाक होते.

व्हिसा

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलात तर शिकतानाचं कॅम्पसबाहेरचं प्रॅक्टिकम सीपीटीखाली, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीखाली होतं, पण ते विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून आधी मंजूर करून घ्यावं लागतं. पदवीनंतर १२ महिन्यांचं ओपीटी, म्हणजे शिकलेल्या क्षेत्रात काम करायची परवानगी मिळते. इंजिनिअर मुलांना मिळते ती २४ महिन्यांची स्टेम मुदतवाढ मॅरेज अँड फॅमिली थेरपीच्या पदवीला नाही. आता गणित करा. १,७०० तास ५२ आठवड्यांत बसवायचे तर एकही सुट्टी न घेता दर आठवड्याला साधारण ३३ तास हवेत. त्यात क्लायंट न येण्याचे दिवस असतात, नोकरी मिळेपर्यंतचे आठवडे जातात. पदवीआधीचे १,३०० पूर्ण भरलेले नसतील तर एका वर्षात हे जमत नाही. म्हणून एफ-१ वाल्यांनी दुसऱ्या सेमिस्टरपासूनच तासांकडे लक्ष द्यावं आणि एच-१बी हा नोकरीचा व्हिसा प्रायोजित करणारी जागा ओपीटी सुरू होण्याआधीपासून शोधावी.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर शिकता येतं, पण पगारी काम करायला ईएडी, म्हणजे वर्क परमिट लागतं. एच-४ ईएडी २०१५ पासून मिळतं, आणि तेही मुख्यतः जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठीचा अर्ज मंजूर झाला असेल तरच. ईएडी नसताना 'स्वयंसेवक म्हणून तास भरते' असं ठरवण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. बीबीएसला चालणारी गोष्ट इमिग्रेशनला चालेलच असं नाही. ग्रीन कार्ड हातात असेल तर ही सगळी चिंता मिटते.

परीक्षा

असोसिएट झाल्यावर पहिल्याच वर्षी कॅलिफोर्निया लॉ अँड एथिक्स परीक्षेला बसावं लागतं. ती नीट मनावर घ्या. मुलांवरच्या अत्याचाराचा संशय आला तर कळवण्याची सक्ती ट्रेनीलाही असते. मराठी मंडळात रोज भेटणाऱ्या कुटुंबाला क्लायंट म्हणून घ्यावं का, हा नात्यांच्या सरमिसळीचा प्रश्नही तिथेच शिकायला मिळतो. आपला समाज इथे लहान आहे, तो प्रश्न तुमच्यासमोर नक्की येणार.

तास पूर्ण झाले की परवान्याचा अर्ज करायचा. त्यासोबत सही झालेले अनुभवाचे फॉर्म, सहा तासांचं आत्महत्येचा धोका ओळखण्याचं प्रशिक्षण आणि तीन तासांचं टेलिहेल्थचं प्रशिक्षण लागतं. ही दोन्ही प्रशिक्षणं बऱ्याचदा पदवीतच झालेली असतात, म्हणून आधी विद्यापीठाकडे पत्र मागा, मगच पैसे भरून वेगळा कोर्स घ्या. अर्ज मंजूर झाला की क्लिनिकल परीक्षा, आणि ती पास झाल्यावर परवाना. पुढे तो दर दोन वर्षांनी नूतनीकरण करायचा आणि त्या काळात ३६ तासांचं शिक्षण पूर्ण करायचं.