नीती आयोगाची इंटर्नशिप आणि मुख्यमंत्री फेलोशिप: आधी बघा, कागद कोणता मागतात

मार्च उजाडला की एस.वाय.ची मुलं मोबाइल पुढे करून विचारतात, "मॅडम, हे सुट्टीत करता येईल का?" यंदा अर्थशास्त्राच्या एका मुलीने दाखवली ती मुख्यमंत्री फेलोशिपची जाहिरात, तीही गेल्या खेपेची, व्हॉट्सॲपवर फिरत आलेली. मे-जूनमध्ये सरकारी धोरणाचं काम जवळून बघावं एवढीच तिची इच्छा. म्हणजे तिला हवी होती इंटर्नशिप, आणि ती तयारी करत होती फेलोशिपची. हा घोटाळा दरवर्षी होतो आणि त्यात चांगल्या मुलांचे महिने वाया जातात, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन्हींतला फरक ओळखायची माझी खूण सोपी आहे. अर्जाला कागद कोणता लागतो ते बघायचं. कॉलेजचं ना हरकत पत्र मागत असतील, तर ते तुम्हाला विद्यार्थी म्हणून बोलावताहेत. अनुभवाचं प्रमाणपत्र मागत असतील, तर त्यांना कामाला माणूस हवा आहे.

नीती आयोग म्हणजे केंद्र सरकारला धोरणाबाबत सल्ला देणारी दिल्लीतली संस्था. तिची इंटर्नशिप पहिल्या प्रकारातली. मुदत कमीत कमी सहा आठवडे, जास्तीत जास्त सहा महिने. अर्जाची खिडकी दर महिन्याच्या १ ते १० तारखेला उघडते. पदवीच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षाची, म्हणजे चौथ्या सत्राची परीक्षा दिलेली असावी लागते आणि बारावीला ८५ टक्के लागतात. इथेच कितीतरी जण अडतात. बारावीला ७८ टक्के पडलेल्या मुलाला मी सांगते, निराश होऊ नकोस. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पदवीचे ७० टक्के धरतात, तेव्हा एम.ए.चं पहिलं वर्ष झालं की पुन्हा अर्ज कर. काम असतं एखाद्या विषय-विभागात: आकडेवारी गोळा करणं, राज्याराज्यांतल्या योजनांची तुलना, टिपणं काढणं. शेवटी अहवाल द्यावा लागतो, त्यानंतरच प्रमाणपत्र मिळतं. लॅपटॉप स्वतःचा न्यायचा.

आणि पैसे? काहीच मिळत नाहीत. दिल्लीतली खोली, मेस, मेट्रो, जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं, सगळं घरून. ज्याची मावशी दिल्लीत राहते त्याला हे परवडतं. परभणीच्या शेतकऱ्याच्या मुलीला कसं परवडावं? हे मला मनापासून खटकतं. धोरण ज्यांच्यासाठी आखायचं, त्यांचीच मुलं त्या टेबलापर्यंत पोचत नाहीत. निदान राहण्याची सोय तरी व्हायला हवी. रिझर्व्ह बँक म्हणजे काही सरकारी खातं नव्हे, पण तिच्या उन्हाळी इंटर्नशिपला महिना २०,००० रुपये मिळतात. ती मुख्यतः पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी असते आणि अर्ज आदल्या वर्षअखेरीस भरायचे असतात. मार्चमध्ये जाग आली तर ती गाडी सुटलेली असते.

मुख्यमंत्री फेलोशिपचं सगळंच वेगळं. महाराष्ट्र शासनाने ती २०१५ मध्ये सुरू केली, मधली काही वर्षं ती बंद होती, २०२३ मध्ये पुन्हा चालू झाली. फेलो ६०, वय २१ ते २६, पदवी किमान ६० टक्क्यांनी पूर्ण झालेली आणि वर 'एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव'. मराठी लिहिता, वाचता, बोलता आलीच पाहिजे. आधी ऑनलाइन परीक्षा, त्यातून पुढे गेलेल्यांचे निबंध आणि मुलाखत. निवड झाली की पूर्ण बारा महिने जिल्हाधिकारी कार्यालयासारख्या ठिकाणी नेमणूक असते. २०२३ मध्ये प्रवासखर्च धरून महिन्याला ७५,००० रुपये दिले गेले. रक्कम दर खेपेला बदलू शकते, म्हणून ताजा शासन निर्णय वाचावा. सोबत आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रमही करायचा असतो. सुट्टीत उरकण्यासारखं हे काम नाही.

मुलांचा आणखी एक गैरसमज असतो: "आधी दिल्लीत सहा आठवडे करते, मग तोच अनुभव फेलोशिपला दाखवते." तसं चालत नाही. फेलोशिपला अनुभव वर्षभराचा लागतो. पूर्णवेळ इंटर्नशिप त्यात धरतात, पण सहा आठवड्यांनी वर्ष भरत नाही. त्या सहा आठवड्यांचा उपयोग निबंधात आणि मुलाखतीत होतो. फाइल कशी फिरते, शेरा कोण मारतं, आकडा कुठून येतो हे ज्याने पाहिलंय त्याचं उत्तर लगेच ओळखू येतं.

नावातल्या 'मुख्यमंत्री'मुळे गोंधळ नको: मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना, म्हणजे विद्यावेतनावर प्रत्यक्ष काम शिकवणारी राज्य शासनाची योजना, या दोन्हींत मोडत नाही. तिथे शिक्षण चालू असलेला उमेदवार पात्रच नसतो.

त्या मुलीला बारावीला ८९ टक्के होते. चुलते गाझियाबादला नोकरीला, त्यामुळे राहण्याचा प्रश्न सुटला. ना हरकत पत्राचा मसुदा आम्ही स्टाफरूममध्येच लिहिला: नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, कालावधी, 'महाविद्यालयाची हरकत नाही' ही ओळ. विभागप्रमुखांची सही लगेच झाली. प्राचार्य मीटिंगला बाहेरगावी गेलेले, त्यांची सही आणि शिक्का मिळायला चार दिवस गेले. खिडकी १० तारखेला बंद होते, तेव्हा हे चार दिवस हिशेबात धरूनच पत्राच्या मागे लागा.