थंडीतलं वजन आणि वनस्पतीजन्य आहार

हिवाळ्यात वजन वाढतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण किती वाढतं याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. अमेरिकेत १९५ प्रौढांची वजनं सप्टेंबरपासून मार्चपर्यंत ठरावीक अंतराने मोजली गेली आणि २००० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे तिकडच्या सणासुदीच्या आठवड्यांत, सरासरी वाढ निघाली अवघी ०.३७ किलो. त्या लोकांना स्वतःला मात्र आपण दीड किलोने वाढलो असं वाटत होतं. हे वाचून हायसं वाटेल, पण पुढचा भाग काळजीचा आहे. संपूर्ण हिवाळ्यात जमलेला तो जेमतेम अर्धा किलो पुढच्या उन्हाळ्यात उतरला नाही. दरवर्षी अर्धा किलो साचत गेला, तर वीस वर्षांत त्याचे दहा किलो होतात.

म्हणून मला वाटतं, थंडीच्या दिवसांत भराभर बारीक होण्याचा ध्यास घेण्यापेक्षा तो अर्धा किलो चढू न देणं जास्त मोलाचं आहे. वनस्पतीजन्य आहार, म्हणजे मांस, मासे, अंडी आणि दुधाचे पदार्थ वगळून किंवा अगदी कमी करून धान्य, कडधान्य, भाज्या, फळं आणि सुक्या मेव्यावर भर देणारा आहार, हा त्यासाठी चांगला मार्ग आहे. मात्र तो का काम करतो हे समजलं तरच. नुसतं प्राणिज पदार्थ सोडल्याने वजनाचा काटा हलत नाही. काटा हलतो तो अन्नातल्या पाण्यामुळे आणि न मोडलेल्या चोथ्यामुळे, म्हणजे तंतूंमुळे.

आधी हिवाळ्याबद्दल एक गैरसमज दूर करू. थंडीत चयापचय क्रिया मंदावते आणि म्हणून वजन वाढतं असं म्हणतात, पण गारठ्यात शरीर ऊब टिकवण्यासाठी उलट थोडी जास्त ऊर्जा जाळतं. तान्ह्या बाळांना ऊब देणारी तपकिरी चरबी मोठ्या माणसांतही असते आणि थंडीने ती कामाला लागते, हे २००९ साली एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या तीन शोधनिबंधांनी पक्कं केलं. पण जाड कपडे घालून बंद खोलीत बसल्यावर शरीराला थंडी लागतेच किती? तो जादा खर्च जवळजवळ होतच नाही. दिवस लहान होतो, चालणं-फिरणं कमी होतं आणि खाणं किंचित वाढतं. मॅसॅच्युसेट्समध्ये सुमारे सहाशे जणांच्या आहाराची वर्षभर नोंद ठेवली गेली, तेव्हा वसंतापेक्षा शरद ऋतूत रोजचं खाणं सरासरी ८६ कॅलरींनी जास्त भरलं. एक मोठा चमचा तेलात सुमारे १२० कॅलरी असतात, यावरून हा फरक किती लहान आणि किती नकळत होणारा आहे हे लक्षात येईल.

काही जणांच्या बाबतीत कारण आणखी खोलवर असतं. १९८४ साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं. त्यात उदासपणाच्या जोडीला जास्त झोप, गोड आणि पिष्टमय पदार्थांची ओढ आणि वजनवाढ ही लक्षणं दिसतात. अशा माणसाला ‘मनावर ताबा ठेव’ असं सांगणं निरर्थक आहे; त्याला उजेडाची आणि उपचाराची गरज असते.

आता अन्नाकडे वळू. माणूस कॅलरी मोजून जेवत नाही. पोट भरल्याची भावना बरीचशी अन्नाच्या आकारमानावर आणि वजनावर ठरते, आणि आपण रोज साधारण तेवढ्याच वजनाचं अन्न खातो. त्यामुळे शंभर ग्रॅम अन्नात किती ऊर्जा भरलेली आहे हा प्रश्न निर्णायक ठरतो. बहुतेक पालेभाज्या आणि फळभाज्यांत शंभर ग्रॅममागे २० ते ४० कॅलरी असतात, शिजवलेल्या कडधान्यांत १०० ते १६० च्या दरम्यान, बदाम-अक्रोडासारख्या सुक्या मेव्यात साधारण ६००, आणि तेलात जवळपास ९००. ज्या अन्नात पाणी आणि तंतू जास्त, त्यात ऊर्जा विरळ.

याची फार सुंदर परीक्षा केव्हिन हॉल यांच्या गटाने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत घेतली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. २० जणांना संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे कमी चरबीचा वनस्पतीजन्य आहार आणि दोन आठवडे जास्त चरबीचा, अत्यल्प कर्बोदकांचा प्राणिज आहार. दोन्ही वेळा हवं तेवढं खायची मुभा होती. वनस्पतीजन्य आहारावर असताना त्यांनी रोज सरासरी ६८९ कॅलरी कमी खाल्ल्या, आणि तरीही भुकेत किंवा जेवणाच्या समाधानात फरक पडल्याचं त्यांनी सांगितलं नाही. मात्र या निकालाचा अर्थ ताणू नये. प्रयोग छोटा आणि अल्पकाळाचा होता. प्राणिज आहारावर रक्तातली साखर आणि इन्शुलिन कमी राहिलं, ही त्या बाजूची जमेची गोष्ट. शिवाय एका ताटात चरबी कमी होती आणि दुसऱ्यात जास्त, त्यामुळे श्रेय वनस्पतींचं किती आणि चरबी कमी असण्याचं किती हे वेगळं काढता येत नाही.

जास्त काळाचा पुरावा न्यूझीलंडच्या गिसबर्न शहरातून येतो. तिथे ६५ जणांवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना कमी चरबीचा, अख्ख्या अन्नाचा वनस्पतीजन्य आहार शिकवला. कॅलरी मोजायला सांगितलं नाही, व्यायामाची सक्ती नव्हती. बी-१२ जीवनसत्त्वाची पूरक मात्रा तेवढी दिली. सहा महिन्यांनी सरासरी १२.१ किलो वजन उतरलं होतं आणि वर्षाच्या शेवटी त्यातले ११.५ किलो उतरलेलेच राहिले. वजन उतरवणाऱ्या आहारांच्या इतिहासात उतरलेलं वजन टिकणं हीच दुर्मीळ गोष्ट आहे, म्हणून मला दुसरा आकडा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीचे बारा आठवडे ही मंडळी नियमित एकत्र भेटत होती, याचाही त्यात वाटा असणार.

‘अख्खं अन्न’ या दोन शब्दांवर थोडं थांबायला हवं. वनस्पतीची प्रत्येक पेशी एका भिंतीत बंद असते. ही भिंत आपल्या पाचकरसांना मोडता येत नाही. ती दातांनी, जात्याने किंवा शिजवण्याने फुटते. जिथे फुटत नाही तिथलं तेल आणि पिष्ट आतच राहून पुढे निघून जातं. बदामाच्या बाबतीत हे अगदी काटेकोरपणे मोजलं गेलं आहे. २८ ग्रॅम बदामांत हिशेबाने सुमारे १७० कॅलरी धरल्या जात. २०१२ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी लोकांना बदाम खायला घालून शरीराबाहेर काय पडतं ते तपासलं, तेव्हा प्रत्यक्षात शरीराला सुमारे १२९ कॅलरीच मिळाल्याचं दिसलं. नंतरच्या प्रयोगात बदामाची गुळगुळीत वाटलेली पेस्ट दिली तेव्हा हा फायदा नाहीसा झाला. पदार्थ तोच, फक्त भिंती फुटलेल्या.

जे तंतू लहान आतड्यात पचत नाहीत ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला येतात. ते त्यापासून लहान साखळीची मेदाम्लं बनवतात, आणि ही मेदाम्लं तृप्तीचा संदेश देणाऱ्या संप्रेरकांना चालना देतात.

म्हणूनच मैदा, साखर, तळलेले बटाट्याचे काप, बिस्किटं आणि गोड पेयं हे सगळं वनस्पतीजन्य असूनही वजनाच्या कामाचं नाही. हॉल यांच्याच २०१९ च्या प्रयोगात अतिप्रक्रिया केलेलं अन्न मिळालं तेव्हा लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वजन वाढलं. वनस्पतीजन्य असा शिक्का असलेलं पाकीट घेतानाही मागची घटकांची यादी वाचावी.

थंडीत हा आहार सोडणाऱ्यांची नेमकी अडचण कुठे होते? माझ्या मते, कच्च्या कोशिंबिरीच्या आग्रहात. गारठलेल्या संध्याकाळी गार काकडी समोर आली की मन ऊबदार, तेलकट, गोड पदार्थांकडे धावतं, आणि त्यात त्या माणसाचा दोष नाही. कच्चंच खाल्लं पाहिजे असं वजनाचं शास्त्र कुठेही सांगत नाही. वाफाळतं, पातळसर, कडधान्य आणि भाज्या घालून शिजवलेलं अन्न हेच या ऋतूतलं खरं उत्तर आहे. आहारसंशोधक बार्बरा रोल्स यांनी १९९९ मध्ये याचा छान पुरावा दिला. त्यांनी जेवणाआधी स्त्रियांना एकच पदार्थ तीन प्रकारे दिला: नुसता घट्ट, घट्ट पदार्थ आणि सोबत पेलाभर पाणी, आणि तेच पाणी त्यात मिसळून केलेलं सूप. घटक आणि कॅलरी तेवढ्याच, पण पुढचं जेवण कमी झालं ते फक्त सूप घेणाऱ्यांचं. सोबत प्यायलेलं पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं. अन्नात मुरलेलं पाणी अन्नाबरोबर रेंगाळतं. त्यांच्याच २००७ च्या प्रयोगात जेवणाआधी सूप घेतल्यावर, सूपच्या कॅलरी धरूनही, त्या जेवणातलं एकूण खाणं २० टक्क्यांनी कमी झालं. यासाठी सूप साय किंवा लोण्याचं नको, हे सांगायला नको.

कडधान्य एकदम वाढवलं की पोट फुगतं. रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा पचवणारं विकर (एन्झाइम) माणसाकडे नाही, त्यामुळे त्या जिवाणूंच्या हाती लागून वायू होतो. कडधान्य भिजवून ते पाणी ओतून टाकावं, नीट मऊ शिजवावं आणि प्रमाण हळूहळू वाढवावं. काही आठवड्यांत बहुतेकांचा त्रास कमी होतो. भिजवण्याने आणि मोड आणण्याने आणखी एक काम होतं: लोह आणि जस्त अडवून ठेवणारं फायटेट घटतं. वनस्पतींतलं लोह शरीरात मुळातच कमी शोषलं जातं. क जीवनसत्त्व ते शोषण वाढवतं, चहा-कॉफी घटवते. तेव्हा जेवताना लिंबू पिळावं आणि थंडीत वाढलेला चहा जेवणापासून तास-दीड तास दूर ठेवावा. सतत इतरांपेक्षा जास्त थंडी वाजणं हे लोह कमी असल्याचंही लक्षण असू शकतं.

बी-१२ जीवनसत्त्वाबाबत तडजोड नको. ते जिवाणू तयार करतात, आणि वनस्पतीजन्य अन्नात त्याचा भरवशाचा स्रोत नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून सुरुवातीला काहीच बिघडत नाही. नंतर चेतातंतूंना इजा होऊ लागते आणि ती कधीकधी भरून निघत नाही. पालेभाज्यांतलं भरपूर फोलेट, म्हणजे बी गटातलंच दुसरं जीवनसत्त्व, या कमतरतेचा रक्तक्षय झाकूही शकतं. प्रौढाची रोजची गरज फक्त २.४ मायक्रोग्रॅमची आहे. ती पूरक गोळीतून किंवा बी-१२ मिसळलेल्या पदार्थातून नियमित भागवावी.

ड जीवनसत्त्वाचा प्रश्न खास हिवाळ्याचा. १९८८ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं की ४२ अंश उत्तर अक्षांशावरच्या बॉस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उन्हात बसूनही त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होत नाही. सूर्य इतका कलता असतो की लागणारे अतिनील किरण वातावरणातच गाळले जातात. विषुववृत्ताकडे जावं तशी ही अडचण संपते, पण अंगभर कपडे आणि घरात बसणं सगळीकडेच आडवं येतं. अतिनील प्रकाशात वाढवलेली अळिंबी सोडली तर वनस्पतीजन्य ताटात याचा स्रोत जवळजवळ नाहीच. ब्रिटनची आरोग्यसेवा शरद आणि हिवाळ्यात सर्वांनाच रोज १० मायक्रोग्रॅमची पूरक मात्रा विचारात घ्यायला सांगते.

हाडांकडेही लक्ष हवं. ब्रिटनमधल्या मोठ्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, संपूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांत खुब्याच्या अस्थिभंगाचं प्रमाण मांसाहार करणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होतं. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनं यांनी त्यातला काही भाग समजतो, पण सगळा नाही. म्हणून वजन उतरवण्याच्या भरात प्रथिनं घटवू नयेत. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, कडधान्यांत ते भरपूर असतं. दोन्ही एकाच घासात नसली तरी दिवसभरात दोन्ही पोटात गेली की पुरे. स्नायू टिकवायचे तर थोडा वजनाचा व्यायामही हवा, आणि तो घरातल्या घरात होतो.

पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने उतरला तर त्यात पाण्याचाच वाटा मोठा असतो. शरीरातल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत, म्हणजे साठवलेल्या पिष्टासोबत, सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, त्यामुळे एखाद्या दिवशी जास्त किंवा खारट खाल्लं की काटा पुन्हा वर जातो. रोजच्या आकड्यावर खूश किंवा नाराज होण्यापेक्षा आठवड्याची सरासरी पाहावी.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आहार बदलल्यावर तीच मात्रा जास्त होऊन साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या अचानक वाढवल्या, तर त्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम घटतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर भाज्या-कडधान्यांतलं पोटॅशियम पाहावं लागतं, आणि गरोदरपणात तर वजन उतरवण्याचा प्रयत्नच करू नये. या सगळ्यांनी ताट बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलून औषधांची मात्रा आणि रक्ततपासणीच्या तारखा ठरवून घ्याव्यात.